नोकरी पुण्यात, गोष्ट गावाकडची

(दृश्य : रिकामा रंगमंच. एक माइक. टेबलावर तांब्या-भांडं.)

नेपथ्य म्हणाल तर एवढंच. ना पडदा, ना रंगभूषा. गणेशोत्सवात, व्याख्यानमालेत, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, एवढ्याच सामग्रीवर तीन माणसांनी मराठी कथाकथन घरोघरी पोचवलं.

तिघंही नोकरदार. व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून पुणे आकाशवाणीत, ग्रामीण कार्यक्रमांकडे. शंकर पाटील आधी आकाशवाणीवर, पुढे पाठ्यपुस्तक मंडळात. द. मा. मिरासदार गरवारे महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक.

(दृश्य : माणदेशचा माळ. दूरवर मेंढरं.)

पोटापाण्याला पुणं, पण कान गावाकडचे. माडगूळकर माणदेशातल्या माडगुळ्याचे, पाटील कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीचे, मिरासदार अकलूजला जन्मलेले आणि पंढरपुरात वाढलेले.

कथा तर छापून येतच होत्या. मग चारचौघांत उभं राहून सांगायची ओढ का?

मला वाटतं, उत्तर बोलीत आहे. 'व्हय' हा शब्द कागदावर उतरवता येतो. पण तो किती लांबवायचा, कुठं तोडायचा? तोंडानं 'व्हय' म्हणणाऱ्याच्या पोटात 'न्हाई' आहे, हे खिळ्यांच्या छपाईत कसं दाखवायचं? वाचणारा तो शब्द स्वतःच्या आवाजात वाचतो आणि गावाचा हेल तिथंच सुटतो. सांगणारा समोर असला, की पारावरचा म्हातारा, तालुक्याला हेलपाटे घालणारा शेतकरी, वर्गातला बेरकी पोरगा, सगळे आपापल्या आवाजात बोलू लागतात. वर्गात नि कचेरीत प्रमाण भाषा वापरायची. जी भाषा तिथं मिटून ठेवायची, तिला संध्याकाळी अख्खं सभागृह मिळायचं. या माणसांचं हे सुख मला फार मोलाचं वाटतं.

आणि त्यात कसब होतं. हशा उसळला की थांबायचं. तो पुरता विरायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं. स्वतः मात्र हसायचं नाही.

पुढे तिघंही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले : माडगूळकर अंबाजोगाईला १९८३ मध्ये, पाटील नांदेडला १९८५ मध्ये, मिरासदार परळीला १९९८ मध्ये.

(दृश्य : जुना कॅसेट प्लेअर. बटण दाबणारं बोट.)

एखादं जुनं ध्वनिमुद्रण मिळालं, तर शब्दांइतकंच दोन वाक्यांमधल्या जागेकडे कान द्या. त्या जागेत श्रोते आहेत. कुणीतरी आधीच हसू लागलंय. त्याला पुढचं कळलंय.

(ध्वनी : हशा. मग शांतता.)