पुस्तक मिट, आता सांग

(सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचनालयात, दहावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर डिसेंबरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना ‘ज्येष्ठ गणितज्ञ’ म्हटलं. मी गणितज्ञ नाही ओ, गणिताचा मास्तर. गणितज्ञ नवीन गणितं शोधतो. जुनीच गणितं पोरांनी कुठल्या पायरीवर चुकवली ते मास्तर शोधतो. बत्तीस वर्षं तेच केलं.

आज आपल्या भागात पाण्याचा वार आहे, हे मला माहीत आहे. साडेसातला नळ आला की या सभागृहात मी आणि अध्यक्ष दोघंच उरणार. अध्यक्षांच्या घरी बोअर आहे म्हणून ते तरी थांबतील. तेव्हा वेळेत संपवतो. पत्रिकेवर विषय छापलाय ‘सहा विषय, दोन महिने: दहावीच्या अभ्यासाचं नियोजन’. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या, ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

परवा शेजारच्या घरी गेलो. मुलगी दहावीला. भिंतीवर वेळापत्रक लावलेलं, सहा रंगांच्या स्केचपेननं. पहाटे साडेचार ते सहा बीजगणित, हिरवा. सहा ते सात विज्ञान, निळा. दुपारी एक ते एक वीस जेवण, तेही केशरी चौकटीत. मी विचारलं, छान आहे, किती वेळ लागला? म्हणाली, तीन दिवस. आणि अभ्यास कधीपासून? तर म्हणाली, सोमवारपासून. (हशा) हसू नका, इथं बसलेल्या निम्म्या घरांत तो सोमवार अजून यायचाय.

मी तरी काय शहाणा होतो? आमच्या वेळी स्केचपेन नव्हते, लाल-निळी पेन्सिल होती, एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी. महत्त्वाच्या ओळीखाली लाल रेघ मारायची असं कुणीतरी सांगितलं. इतिहासाचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा पानाला चार रेघा. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, ही ओळपण महत्त्वाचीच की. असं करत नोव्हेंबरपर्यंत सगळं पुस्तक लालभडक, देवीच्या पायरीसारखं. रेघ मारायची राहिली ती फक्त किंमत लिहिलेल्या ओळीखाली. सात वेळा वाचलं होतं. डोळे मिटले की डाव्या पानावर कुठं चित्र आहे, हेसुद्धा दिसायचं. आणि पूर्वपरीक्षेत प्रश्न आला, सविनय कायदेभंगाच्या चळवळीवर टीप लिहा. मला पान दिसत होतं, चित्र दिसत होतं, लाल रेघा दिसत होत्या. रेघांच्या वर काय लिहिलंय तेवढं दिसत नव्हतं! शंभरात एकतीस.

आमचं घर भवानी पेठेत, दहा बाय बाराची खोली. वडील मागावर. माझी आजी, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, विड्या वळायची. इथं बऱ्याच जणांना सांगायला नको, पण मागच्या पिढीनं काय बघितलंय ते या पोरांना कळू दे. रात्री तेंदूची पानं भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी मांडीवर सूप, पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून त्या मापानं कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, बोटाच्या नखानं तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीसचं एक बंडल, अशी चाळीस बंडलं झाली की हजार. कारखान्यात तपासणारा मूठभर विड्या उचलायचा, चिमटीत दाबून बघायचा, सैल लागली की बाजूला. अव्वा म्हणायची, वळताना सगळ्या विड्या घट्टच वाटतात, तो चिमटीत धरतो तेव्हा कळतं.

एकतीस मार्कांचा कागद घेऊन मी घरी आलो. अव्वाला अक्षरओळख नाही, मराठी बाजारापुरतं. तिनं कागद उलटा धरून बघितला आणि विचारलं, इतके दिवस पुस्तक डोळ्यांसमोर धरून काय करत होतास? मी म्हटलं, वाचत होतो. ती म्हणाली, ‘पुस्तकं मूसेय रा. चेप्पु.’ पुस्तक मिट. सांग.

मी सांगायला लागलो. तेलुगूतच सांगावं लागायचं. ‘सविनय कायदेभंग’ म्हटलं तर म्हणाली, म्हणजे काय? म्हटलं, कायदा मोडायचा. ते कळलं, सविनय म्हणजे? आता आली का पंचाईत! सात वेळा वाचलेला शब्द, सात वेळा लाल रेघ. माझ्या कानात ‘सविनय’ आणि ‘कायदेभंग’ हा एकच शब्द होता, ‘धनादेश’सारखा. दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना विचारून आलो आणि सांगितलं, विनय म्हणजे नम्रपणा. अव्वानं हातातली विडी थांबवली. ‘कायदा मोडायचा आणि वर नमस्कार करायचा?’ मी म्हटलं, हो, आणि मारलं तरी हात उचलायचा नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आमच्या लहानपणी सोलापुरात लष्कर आलं होतं, ते हेच का रे?

मंडळी, अंगावर काटा आला माझ्या. 1930 च्या 12 मे रोजी आपल्या गावात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. अव्वा तेव्हा दहा वर्षांची. तिच्या बापानं गांधी टोपी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवली होती आणि पुढं चार दिवस भाकरीत सुताचे धागे निघत होते. मी पुस्तकातलं सांगितलं, तिनं डब्यातलं सांगितलं. तो धडा आज पंचेचाळीस वर्षं झाली तरी मला कुणी झोपेतून उठवून विचारावा.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) हो हो, आलोच विषयावर.

तिचा एक गुण सांगायचा राहिला. तिला कंटाळा फार लवकर यायचा. आठ-दहा बंडलं झाली की म्हणायची, हे पुरे, दुसरं काहीतरी सांग. मग मी शहाबादी फरशीवर खडूनं त्रिकोण काढून भूमिती सांगायचो. तीही तिला नकोशी झाली की विज्ञान. आणि दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या पहिला प्रश्न, काल ते मिठाचं सांगत होतास, पुन्हा सांग, मी विसरले. ती विसरायची नाही हो, बंडलं मोजताना तिचा कधी आकडा चुकला नाही. आता वाटतं, मी विसरलोय का ते बघत असणार.

पुढं मास्तर झाल्यावर वाचलं, तेव्हा गंमत वाटली. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये, स्वतःवरच प्रयोग करून, पाठ केलेलं किती वेगानं विसरतं ते मोजलं होतं. आणि 2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मिटला आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी आहे का? नाही ना? मग लाल पेन्सिल खाली ठेवा.

आता वेळ? पंधरा मिनिटं? बरं. मागच्या बायका घड्याळाकडे बघायला लागल्यात, तेव्हा भराभरा सांगतो. पोरांनो, लिहून घेऊ नका, ऐका.

पूर्वी परीक्षा मार्चमध्ये असायची. 2025 ला ती 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर, पाळण्यात बसून आलात की पुढं पाचच आठवडे, त्यातही प्रात्यक्षिकं आणि तोंडी परीक्षा. गड्ड्याला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, सिद्धरामेश्वर मलाच विचारेल. पण तोवर प्रत्येक विषयाचा प्रत्येक धडा एकदा तरी पुस्तक मिटून सांगून झालेला हवा.

एका दिवशी एकच विषय धरून बसू नका. तीन घ्या. एक हातानं करायचा, म्हणजे गणित; एक सांगायचा, म्हणजे इतिहास, भूगोल किंवा विज्ञान; एक भाषा. काल केलेल्याची पंधरा मिनिटं आधी, मग नवीन. गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी चाळीस गुण, दोन तास. सोडवलेलं उदाहरण वाचून ‘समजलं’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याला पोहताना बघून कंबर तलावात उडी मारणं. उत्तर झाकायचं आणि सोडवायचं. भूमितीत आकृती न काढता सिद्धता लिहायचा प्रयत्न करू नका, माझे पेपर तपासून तपासून डोळे गेले.

विज्ञानाचेही दोन पेपर तसेच. भिंगांच्या किरणाकृती बघायच्या नाहीत, कोऱ्या कागदावर काढायच्या आणि मग पुस्तकाशी ताडून बघायच्या. इतिहास-राज्यशास्त्र चाळीस, भूगोल चाळीस. भूगोलात सध्या भारत आणि ब्राझील शेजारीशेजारी आहेत, तेव्हा एकाचं हवामान सांगताना दुसऱ्याचं लगेच सांगा, वेगवेगळं पाठ करू नका. आलेख आणि नकाशा रोज एक.

मराठीबद्दल पालकांना सांगतो, कारण ‘मराठी काय, येतेच की’ हे तुमचं वाक्य आहे. कुमारभारतीच्या ऐंशी गुणांत उपयोजित लेखन चोवीस आणि भाषाभ्यास सोळा. बेरीज करा, चाळीस. अर्धी कृतिपत्रिका धड्यांच्या बाहेरून येते, आणि पोरगं धडेच घोकतंय. आठवड्याला एक पत्र, एक बातमी, एक जाहिरात घड्याळ लावून लिहू द्या. शेवटचे पाच गुण हातचे जातात ते तिथंच. आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे म्हणून एक विषय ऑप्शनला टाकायचा सल्ला कृपा करून देऊ नका, टक्केवारी पाचांची असली तरी पास सहाही विषयांत व्हावं लागतं.

जानेवारीच्या शेवटापासून आठवड्याला दोन पेपर पूर्ण वेळ लावून, सकाळी अकरालाच. 2023 पासून जास्तीची दहा मिनिटं शेवटी मिळतात, आधी नाही, तेव्हा सराव तसाच. अपेक्षित प्रश्नसंचाबद्दल माझं मत फार वाईट आहे, पण ते सांगायला आणखी एक तास लागेल, सोडून देतो. झोप, जेवण, मोबाईल, हे तुमच्या आया रोज सांगतात, मी वेगळं काय सांगणार?

हां, तू. तिसऱ्या रांगेतला, मघाशी सगळ्यात जोरात हसत होतास. उभा राहा. मांडीवरची वही मिट. पायथागोरसचं प्रमेय सांग. असं धर की मला काही येत नाही, मी विड्या वळतोय... हं. कर्णाचा वर्ग. कर्ण म्हणजे कोण बे, महाभारतातला? का बे, गप्प का? मित्राकडे बघू नकोस, त्याला पण माहीत नाही... काटकोनासमोरची बाजू. बरोबर! मग तीच का मोठी, बाकीच्या दोन का नाहीत? विचार कर, मी थांबतो.

बादल्या वाजायला लागल्या वाटतं. जा ओ ताई, जावा, पाणी आधी. तू मात्र थांब जरा.