शेवटचे पहिले, पहिले शेवटचे

नमस्कार श्रोतेहो. बायबलात नीतिसूत्रांचं एक पुस्तक आहे, त्याच्या 26व्या अध्यायातलं चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, नाहीतर तूही त्याच्यासारखाच होशील. पटलं. आणि लगेच खालचं पाचवं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. आता करायचं काय? जुन्या ज्यू पंडितांनाही हे खटकलं होतं, असल्या उलटसुलट वचनांमुळे हे पुस्तकच बाजूला ठेवावं असा विचार झाल्याचं तालमूदमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, आलंय, पण ठेवलं नाही आणि फार बरं झालं. ज्याने ही दोन वचनं शेजारी लावली त्याला काय दिसत नव्हतं होय? समोर कोण उभा आहे ते बघ आणि तूच ठरव, असं ते शिकवणं आहे. यालाच आपण विरोधाभास म्हणतो, पॅराडॉक्स, आणि येशूच्या बोलण्यात तर तो पावलोपावली भेटतो.

मत्तय हे येशूचं चरित्र सांगणारं बायबलातलं पुस्तक, त्याच्या 20व्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट घ्या. पुण्यात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सकाळी मजूर अड्ड्यावरून जा, थापी, घमेलं, डब्याची पिशवी घेऊन माणसं रस्त्याच्या कडेला उभी असतात, टेम्पो थांबला की सगळे धावतात, आणि ज्यांना कोणी नेलं नाही ते दहा-अकरा वाजले तरी तसेच उभे. येशूच्या गोष्टीतला मालक पहाटे जातो, एक दिनार रोज ठरवून मजूर नेतो, मग नऊला जातो, बाराला, तीनला, आणि दिवस बुडायला तासभर राहिलाय तेव्हा परत जातो. तिथे अजून माणसं आहेत. दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. या वाक्यापाशी मी दरवेळी थांबते.

संध्याकाळी मुकादम पैसे वाटायला बसतो तेव्हा मालक सांगतो, शेवटच्यांपासून सुरू कर. तासाभराच्या कामाला एक दिनार! पहाटेपासून राबलेल्यांनी मनातल्या मनात हिशोब केला असणार, ऐकणाऱ्यानेही केलेला असतो, आणि मग त्यांच्याही हातावर एकच दिनार पडतो आणि ते कुरकुर करायला लागतात की आम्ही अख्ख्या दिवसाचं ऊन सोसलं आणि यांना आमच्या बरोबरीचं केलंत. खरं सांगा, आपल्यालाही त्यांचंच बरोबर वाटतं ना? तिथेच धरलंय आपल्याला. आधी पहाटेवाल्यांना पैसे दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते, काही कळलंही नसतं, आणि ठरलेला रोज तर कोणाचाच कापलेला नव्हता. गोष्टीच्या शेवटी येणारं, शेवटचे ते पहिले होतील हे वाक्य नुसतं ऐकवलं असतं तर लोकांनी माना डोलावल्या असत्या. इथे आधी चिडायला लावलं आणि मग विचारलं, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यात खुपतं का? यावर मजूर काय म्हणाला ते मत्तयने लिहिलेलंच नाही.

म्हणूनच असली वचनं गुळगुळीत करून टाकलेली मला अजिबात आवडत नाहीत. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो, यावर हमखास ऐकायला मिळतं की यरुशलेमला सुई नावाचा छोटा दरवाजा होता आणि उंट ओझं उतरवून, गुडघे टेकून आत जायचा. ऐकायला छान आहे, पण त्या काळी असा दरवाजा होता याला काही पुरावा नाही, ही कहाणी मध्ययुगात येते, येशूनंतर कैक शतकांनी. आणि तसा दरवाजा असता तर शिष्य थक्क होऊन, मग तारण, म्हणजे उद्धार, तरी कोणाचा होणार, असं कशाला विचारते? अशक्यच म्हणायचं होतं त्याला. तो पुढे म्हणतोच, माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही.

मार्क या येशूच्या दुसऱ्या चरित्राच्या 10व्या अध्यायात, हे उंटाचं वचन येऊन गेल्यावर थोड्याच वेळाने, याकोब आणि योहान हे दोघे शिष्य, सख्खे भाऊ, येशूकडे येऊन मागतात, तुझ्या गौरवात आम्हाला एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू दे. बाकीचे दहा शिष्य चिडतात, मला वाटतं त्यांनाही त्याच जागा हव्या असणार. उत्तर मिळतं, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. पाच अध्यायांनंतर क्रूसापाशी परत उजवी-डावी बाजू येते, तिथे येशूच्या दोन्ही बाजूंना क्रूसावर दोन लुटारू आहेत. मार्क काही बोलत नाही, नुसतं लिहून पुढे जातो, पण वाचणाऱ्याला त्या दोघा भावांचं मागणं आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि सेवक होणं म्हणजे काय ते बघायला आपल्याला लांब जायला नको, पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणून सांभाळल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं, त्या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, आणि 1922 साली जाईपर्यंत बायबल साध्या मराठीत आणायच्या कामात होत्या, जड संस्कृत शब्द टाळून, कमी शिकलेल्या बाईलाही वाचून कळावं म्हणून. एवढं संस्कृत येत असताना! आणि ते बायबल छापलं गेलं केडगावलाच, मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींच्या हातून.