बेदाण्याशेजारचा रंग

मित्रहो, निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतून आज नाशिकला आलेल्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरी द्राक्षबाग आहे, तेव्हा बेदाण्याचा चांगला रंग कोणता, हे मी तुम्हाला सांगू नये. मी बोलणार आहे तो त्याच्या पाकिटाच्या रंगाविषयी आणि त्यावरच्या अक्षरांविषयी.

हिरव्या बेदाण्याच्या पाऊचसाठी मी केलेले पहिले डिझाइन गडद हिरवे होते आणि मधोमध पारदर्शक खिडकी होती. संगणकावर ते देखणे दिसले. नमुन्यात माल भरला, तेव्हा मात्र चांगला पोपटी बेदाणा मागच्या हंगामातला वाटावा इतका पिवळट दिसू लागला. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, तेव्हा रसायनतज्ज्ञ शेव्रल यांना दोष रंगात नव्हे, तर शेजारच्या धाग्यांत सापडला, आणि १८३९ साली त्यांनी त्यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. गडद हिरव्याच्या शेजारी फिका हिरवा आपला हिरवेपणा गमावतो. वांगी रंगाच्या शेजारी तोच बेदाणा ताजा दिसतो.

खिडकीभोवती वांगी रंग आला खरा, पण नमुना पाहून बचतगटातल्या एका काकूंनी विचारले, "यात काळ्या मनुका आहेत का?" प्रश्न रास्त होता. रंगाने निर्माण केलेला गैरसमज आता अक्षरांनीच दूर करायला हवा होता, म्हणून "हिरवे बेदाणे" हे शब्द फिक्या पोपटी रंगात, ठळक घ्यायचे ठरले.

जागा अरुंद असल्यामुळे मी अक्षरे रुंदीत सत्तर टक्क्यांवर दाबली. काने बारीक झाले, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहिली, आणि शब्द ओझ्याखाली वाकल्यासारखा दिसू लागला. देवनागरी अशी दाबू नये. मुळात अरुंद घडवलेला फाँट शोधावा किंवा शब्द दोन ओळींत मांडावेत. मी दोन ओळी केल्या. वरच्या ओळीतल्या "हिरवे" या शब्दाला खाली उकार नाही, त्यामुळे खालच्या "बेदाणे"च्या दोन्ही मात्रांना वर मोकळी जागा मिळाली. फाँट निवडताना "शेतकऱ्यांकडून" हा शब्दही लिहून पाहावा, कारण सगळ्याच फाँटांत हा अर्धा र नीट उमटत नाही आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात.

छपाईबद्दल एवढेच, की रोटोग्रॅव्हरमध्ये, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, म्हणून रंग मोजकेच घ्यावेत. आणि पारदर्शक फिल्मवर शाईमागे पांढरा थर नसेल, तर आतल्या मालाचा रंग शाईतून डोकावतो.

शेवटचा नमुना मी रविवार कारंजा भागातल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने पाऊच दोरीवर एकाखाली एक लटकवले, तेव्हा वरच्या पाऊचचा तळ खालच्याच्या "हिरवे" या शब्दावर आला आणि समोरून नुसते "बेदाणे" उरले. नाव दीड सेंटिमीटर खाली घेतले.