मुलीचे दात, मुलाचे दात

श्रोतेहो, नमस्कार.

भाऊ-बहीण, दोघांचेही वरचे दात सारखेच पुढे आलेले. आईवडील दवाखान्यात आणतात ते मुलीला. तिचं हसणं चांगलं दिसावं म्हणून. मुलाचा विषय निघाला तर उत्तर ठरलेलं: ‘मुलगाच आहे, चालतंय.’ खरं तर उपचारांची गरज मोजली तर मुलगे आणि मुलींत फारसा फरक निघत नाही. तारा मात्र मुलींच्याच दातांवर जास्त दिसतात.

गरज मोजायची कशी? १९८९ पासून वापरात असलेल्या एका निर्देशांकात तिच्या पाच पायऱ्या आहेत. वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर चौथी पायरी, ९ हून जास्त असतील तर पाचवी. मुलगा की मुलगी, हा प्रश्न त्यात नाही. घरीही अंदाज घेता येतो. मागच्या दाढा नीट मिटू द्या, आणि खालच्या दातापासून वरच्या दाताच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर पट्टीने बघा. दोन-तीन मिलिमीटर ठीक. अंतर जास्त आणि ओठही सहज मिटत नसतील, तर पडल्यावर पहिला मार त्या दातांनाच बसतो. आणि पुढचे दात तुटण्याचं प्रमाण मुलग्यांतच जास्त! ‘चालतंय’ म्हणताना हे कुणाच्या ध्यानात नसतं.

जिथे फरक करायला हवा, तिथे मात्र पालक दोघांना एकच माप लावतात. ‘सगळे दात येऊ देत, मग बघू.’ खालचा जबडा मागे राहिला असेल, तर तो पुढे आणणारी उपकरणं वाढीच्या भरात उत्तम काम करतात. हा भर मुलींमध्ये साधारण १० ते १२ या वयात येतो, मुलग्यांत दोनेक वर्षं उशिरा. मुलीची पाळी सुरू झाली असेल, तर वाढीचा सर्वांत जोराचा काळ बहुधा सरलेला असतो. म्हणजे तेराव्या वर्षी आणलेल्या मुलासाठी वेळ हातात असते, त्याच वयाच्या मुलीसाठी ती बऱ्याचदा निघून गेलेली असते. मग दात काढून जागा करणं, किंवा फरक फार असेल तर मोठेपणी जबड्याची शस्त्रक्रिया, असेच मार्ग बहुधा उरतात. नुसत्या वयावर विसंबू नये. डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत मानेच्या मणक्यांचा आकार पाहून वाढ कुठवर आली ते कळतं.

वरचा सुळा टाळूच्या बाजूला अडकणं हेही मुलींमध्ये जास्त. दहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवर बाहेरच्या बाजूने बोट फिरवा. दोन्ही बाजूंना उंचवटा लागायला हवा. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर एक्स-रे काढून घ्या. वेळेत दुधाचा सुळा काढला तर पक्का सुळा पुष्कळदा स्वतःच वाट काढतो. राहून गेलं, तर शेजारच्या दाताचं मूळ झिजू शकतं.

आणखी एक. काढता-घालता येणारं उपकरण सुचवलं की ‘हा काही घालणार नाही’ असं मुलाबद्दल आधीच ठरतं. मुलगी समंजस म्हणून ती घालते की नाही, हे कुणी बघतच नाही. खालचा जबडा पुढे आणणारं ट्विन ब्लॉकसारखं उपकरण दिवसरात्र, नऊ महिने ते वर्षभर लागतं. पंधरा दिवसांनंतरही बोलताना जीभ अडखळत असेल, किंवा उपकरण दर वेळी घट्ट बसत असेल, तर ते तोंडात कमी आणि डबीत जास्त राहतंय.