तीस वर्षं जुना रेल्वे गेम, आणि त्याची वर्गणी

राम राम मंडळी! भुसावळहून बोलतोय. मध्येच इंजिनाचा हॉर्न वाजला तर समजून घ्या, आमचं घर यार्डाला लागून आहे.

(स्क्रीनवर गेम)

हे बघा, हे पण भुसावळच. ही लाईन खंडव्याकडे, ही अकोल्याकडे, ही जळगाववरून मनमाडकडे. सावद्याला आणि रावेरला मी मालधक्के टाकलेत. गेममध्ये केळी नाहीत, नुसती 'फळं' आहेत, पण रावेरची फळं म्हटल्यावर आपण काय समजायचं ते समजायचं. परवा बाबा मागं उभे राहून बघत होते. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. म्हणाले, "लूप कुठंय? मालगाडी उभी कुठं करशील?" आणि खरंच, सावद्याच्या मागं चार गाड्या खोळंबून उभ्या होत्या.

या गेमचं नाव ओपनटीटीडी. फुकट आहे. आणि याला मी पैसे देतो. अमळनेरच्या मावशीनं हे ऐकून एकच प्रश्न विचारला, "तुले काय भेटस त्यामां?" आजचा व्हिडिओ मावशीसाठी.

आधी थोडा इतिहास. १९९४ मध्ये क्रिस सॉयर या माणसानं 'ट्रान्सपोर्ट टायकून' बनवला, मायक्रोप्रोजनं तो बाजारात आणला, पुढच्या वर्षी डिलक्स आवृत्ती आली. बहुतेक सगळा असेम्ब्लीत लिहिलेला, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी कानात बोलल्यासारखा. विंडोज बदलत गेलं तसा तो चालेनासा झाला. मग स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगियसनं तो आतून उलगडला, सी भाषेत परत लिहिला आणि २००४ मध्ये लोकांसमोर ठेवला. याच माणसानं पुढं म्युटॉरेंट लिहिलं, म्हणजे टॉरेंटवरून फाईली उतरवायचं सॉफ्टवेअर. कॉलेजात ते कोणी कशासाठी वापरलं, ते आज विचारत नाही.

स्ट्रिगियस नंतर दुसऱ्या कामांना लागला, पण काम थांबलं नाही. चित्रं आणि आवाज मूळ गेमचे होते, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे. तेही स्वयंसेवकांनी नव्यानं बनवले, एकेक डबा, एकेक झाड. २०१० मध्ये १.० आवृत्ती आली, २०२१ मध्ये स्टीम या ऑनलाईन गेमच्या दुकानात आला, तेव्हा तिथंही फुकटच. हे सगळं नोकरी सांभाळून, रात्री जागून. पगार कुणालाच नाही.

मग पैसे कशाला लागतात?

हे मला मागच्या वर्षी नीट कळलं. कॉम्प्युटर फॉरमॅट मारला होता. बॅकअपमधून जुना नकाशा उघडला, तर गेम म्हणाला, यात वापरलेला गाड्यांचा संच सापडत नाही, ऑनलाईन शोधू का? हो म्हटलं. अर्ध्या मिनिटात फाईल उतरली आणि माझ्या गाड्या होत्या तशा पळायला लागल्या. तो संच कुणीतरी कधीतरी बनवून ठेवलेला, त्या माणसाचा आणि माझा काडीचा संबंध नाही. ती फाईल जिथून आली त्या सेवेचं नाव काय असेल? बनानाज! खोटं नाही सांगत, जळगाव जिल्ह्याची शपथ.

तर बनानाजवरच्या फाईली कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवाव्या लागतात आणि जगभरातले लोक त्या उतरवतात. त्या सर्व्हरचं आणि बँडविड्थचं, म्हणजे फाईली पाठवायला लागणाऱ्या इंटरनेटचं, बिल येतं. गेम जिथं टाकायचा तिथले किरकोळ खर्चही असतात: स्टीमवर गेम टाकायला १०० डॉलर, ॲपलच्या डेव्हलपर खात्याला वर्षाला ९९ डॉलर. देणगी असल्या खर्चात जाते. नवीन फीचर विकत घेण्यात नाही.

आणि इथंच लोकांचं बिनसतं. पाच डॉलर दिले की वाटतं आपण गिऱ्हाईक झालो. मीही एकदा तावातावात लिहिलं होतं की पैसे दिलेत, हा बग कधी काढणार? उत्तर अगदी सभ्य आलं, म्हणून जास्त लाज वाटली.

मावशी, गावच्या सप्ताहाची आठवण कर. कुणी गव्हाचं पोतं देतं, कुणी तूरडाळ, कुणी रोख. शेवटी वहीतून सगळ्यांची नावं वाचून दाखवतात. पोतं देणारा असं म्हणतो का, की उद्याचं कीर्तन मी सांगेन त्या महाराजांचंच? आणि ज्याच्याकडं काहीच नाही तो पंगतीत वाढायला उभा राहतो. त्यालाही कुणी कमी लेखत नाही.

आता क्राउडफंडिंगनं, म्हणजे ऑनलाईन वर्गणीनं, सगळं सुटतं असंही नाही. ०एडी नावाचा दुसरा गेम आहे, तोही स्वयंसेवकांचाच, त्यात मौर्यांचे हत्ती आहेत, एकदा बघाच. त्यांनी २०१३ मध्ये इंडीगोगो या वर्गणीच्या वेबसाईटवर १ लाख ६० हजार डॉलर मागितले, पगारी प्रोग्रॅमर ठेवायचे म्हणून. जमले ३३ हजारांच्या आसपास. गेम काही बंद पडला नाही, पण पगाराचा हिशोब एवढ्यात बसत नाही. मला विचाराल तर सर्व्हरच्या बिलासाठी मागणं जमतं, कुणाच्या संसारासाठी मागणं फार अवघड. आणि तिथं अजून एक भानगड असते: पैसे ठेवायचे कुणाच्या खात्यात? कंपनी नाही, सभासद दहा देशांत. ०एडीचे पैसे सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही अमेरिकेतली ना-नफा संस्था सांभाळते. आपल्याकडं मंडळ नोंदवलेलं नसलं की दुसऱ्या ट्रस्टच्या नावानं पावती फाडतात, साधारण तसंच.

भारतातून द्यायचे तर आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. नव्या कार्डांवर ते बंदच येतात. माझं कार्ड तीनदा नाकारलं गेलं, मी वेबसाईटला शिव्या घातल्या, आणि बटण बंद होतं माझ्याच फोनात. युपीआय बहुतेक ठिकाणी चालत नाही. वरून बँक चलनबदलाचे थोडे कापते, आणि प्रत्येक व्यवहारामागं सहसा ठरावीक शुल्कही जातं, म्हणून दर महिन्याला एक डॉलर देण्यापेक्षा वर्षातून एकदा काय ते द्या.

आणि पैसे नसतील तर पंगतीत वाढायला या. या गेमच्या मराठी भाषांतराची फाईल आहे, पण अर्धवट भाषांतरांच्या फोल्डरमध्ये पडलेली. मी वहीत चाळीसेक ओळी करून ठेवल्यात आणि 'डेपो'पाशी अडकलोय. मी 'आगार' लिहिलं होतं. बाबा म्हणाले, "आगार एसटीचं असतं, इंजिनाचं शेड असतं." गेममध्ये बसचाही डेपो आहे, रेल्वेचाही, आणि बोटीचा पण आहे. बोटीच्या डेपोला काय म्हणायचं ते आम्हा तापीकाठच्या लोकांना काही सुचेना. कोकणातलं कुणी बघत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा.