दुसरं कोकरू

मंडळी, देशी जनावर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिल्लार बैल उभा राहतो, फार तर देवणी गाय. त्यांचे फोटो कॅलेंडरवर येतात. दख्खनी मेंढीचा फोटो कॅलेंडरवर मी अजून तरी पाहिलेला नाही. माझी अर्धी नोकरी तिच्या मागे गेली, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

मी पशुवैद्यक झालो तेव्हा वर्गात आम्हाला एक शब्द शिकवला होता, 'नॉन-डिस्क्रिप्ट'. ज्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही, असं जनावर. परीक्षेत आम्ही तो बेधडक लिहायचो. पुढे माण-खटावकडच्या एका वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे घर नव्हे, चार-सहा धनगर कुटुंबं एकत्र मेंढ्या घेऊन फिरतात तो वाडा. तिथल्या म्हाताऱ्या आबांनी दीडशे मेंढ्यांतली एकेक बोट दाखवून सांगितली : ही कुणाची लेक, हिची आई कुठल्या दुष्काळात जगली, हिला कोकरू लागतं की नाही. लेखणी माझ्या हातात होती आणि वर्णन त्यांच्या तोंडात. त्या दिवसानंतर मी तो शब्द वापरला नाही.

दख्खनी मेंढी दिवाळीच्या सुमाराला माळ सोडते, घाट उतरते, पावसाळ्याच्या तोंडाला परत येते. वाटेत शेतकरी तिला रानात बसवून घेतो. रात्रभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढ्या बसल्या की लेंडीमुताचं खत थेट जमिनीला मिळतं, बदल्यात धनगराला धान्य नाहीतर पैसे. एवढी चाल, काटेरी झुडपांवरची गुजराण, उन्हाचा तडाखा, हे जिला झेपतं तीच इथली. मध्यंतरी मेरिनो, रॅम्बुले असे परदेशी नर आणून लोकर मऊ करायचे सरकारी प्रयोग झाले. हेतू चांगला होता, पण लोकर मऊ करताना पायांचा विचार कुणी केला नाही.

लोकरीचं म्हणाल तर आज ती धनगराच्या गळ्यातली धोंड झाली आहे. वर्षातून दोनदा कातरणी करावीच लागते, आणि अनेकदा कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. घोंगड्या विणणाऱ्या सनगरांचे माग थंडावले. चिंचोक्याची खळ लावलेली काळी घोंगडी अंगावर घेऊन बसणारी पिढीच संपत आली. मग मेंढी विकायची ती मटणासाठी. मटणाचा हिशोब सरळ आहे : वर्षाकाठी किती कोकरं विकायला निघाली? दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. म्हणून जत भागातली थोराड माडग्याळ मेंढी आणावी, तिचा नर सोडावा, असं धनगराला वाटतं. त्याला दोष कसा देणार? वाण टिकवा असं आपण सभागृहात म्हणतो, वाण पोसायचा खर्च मात्र तो करतो.

आता गोष्ट फलटणची. 1968 मध्ये बनबिहारी निंबकरांनी तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. मेंढीला जुळं का होऊ नये, हा प्रश्न तिथे धरला गेला. उत्तर सापडलं थेट सुंदरबनात. तिथे गरोळ नावाची मेंढी आहे. बुटकी, मोठी मादीही दहा-पंधरा किलोंची. खाऱ्या दलदलीत, पाण्यात उभी राहून चरते. दिसायला अगदी नगण्य. माझ्या वर्गात तिलाही तोच शब्द लागला असता. पण ती जुळी देते, कधी तिळीही.

गंमत पुढे आहे. ऑस्ट्रेलियात 'बुरूला' नावाची मेरिनो मेंढी जास्त कोकरं देण्यासाठी जगभर गाजली होती. 2001 मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्यातला नेमका बदल शोधला. बीजांडकोशातल्या एका ग्राहक (रिसेप्टर) प्रथिनाच्या जनुकात एका जागी फरक पडतो आणि एकाच माजाला एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. पुढे गरोळचं रक्त तपासलं तर हुबेहूब तोच बदल! अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या, त्यांच्याबरोबरच हे जनुक तिकडे पोचलं असं मानतात. म्हणजे ज्याच्यावर परदेशात प्रबंध लिहिले गेले, ते आपल्याच खाडीकाठच्या गरिबांच्या दावणीला होतं.

पण जनुक मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. गरोळ आणि दख्खनीचा पहिला संकर धनगरांपुढे आणला तर कोकरं एवढीएवढीशी. बाजारात व्यापारी वजन बघतो, जनुक बघत नाही. मग पिढ्यान् पिढ्या पुन्हा दख्खनीकडे वळवत न्यायचं आणि दर पिढीत फक्त ते एक जनुक सांभाळायचं, असं ठरलं. फलटणच्या त्याच संस्थेतल्या डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चिकाटीचं काम केलं. ऑस्ट्रेलियातलं न्यू इंग्लंड विद्यापीठ सोबत होतं, रक्त तपासायला पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती. कोकरू वयात येण्याची वाट बघायला नको, जनुक आहे की नाही ते थेंबभर रक्तावरून कळतं. तयार झालेल्या मेंढीचं नाव 'नारी सुवर्णा'; 'नारी' हे संस्थेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. अंगाने ती दख्खनीच्या जवळची आहे, आणि जनुक असलेल्या मेंढ्यांना बऱ्याचदा जुळं होतं. तिळी क्वचितच होतात, आणि माझ्या मते हेच तिचं मोठं भाग्य. चालत्या वाड्यावर तिळी म्हणजे संकट.

खरं तर जुळंही संकटच होऊ शकतं. परिसरातल्या धनगरांच्या कळपांत नारी सुवर्णाचे नर गेले, त्यांच्या लेकी व्याल्या. एका वाड्यावरच्या मामांनी मला स्पष्ट विचारलं, "डाक्टर, दोन झाली, पर दूध एकाचंच हाय. दुसरं काय वाऱ्यावर जगणार व्हय?" या प्रश्नाला माझ्या पुस्तकात उत्तर नव्हतं. गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात खुराक द्या, हे मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. खुराकाचे पैसे कोण देणार, हे दोघांनाही माहीत होतं.

उत्तर होतं ते वाड्यावरच, आणि बायकांच्या हातात. मेंढ्या रानात जातात तेव्हा कोकरं तळावर बायकांपाशीच राहतात. घोड्यावर बिऱ्हाड लादताना कोवळी कोकरंही त्याच ओझ्यात बसतात. आणि प्रत्येक वाड्याबरोबर चार-दोन शेळ्या असतात, घरच्या चहापुरत्या. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा मामी शेळीचा पाय गुडघ्यात दाबून बसल्या होत्या आणि खाली ते दुसरं कोकरू शेपूट हलवत लुचत होतं. शेळी नाखूश होती. मामींनी चुलीवर आधण ठेवलेलं होतं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बसा डाक्टर. आज च्या कोराच हाय."