चौघं, फुल टाकी आणि अगत्ती: गणित बसतंय का?

नमस्कार मंडळी. पावसाळा संपला की आमच्या पुण्याच्या ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, "गोवा बास झालं, आता लक्षद्वीप. तेही स्वतः विमान उडवत!"

फ्लोरिडातले हौशी पायलट असेच, विमानांच्या जथ्यानं, बहामाला जातात, हे खरं. पण मायामीहून बिमिनी बेट जेमतेम 80 किलोमीटर. कोचीहून अगत्ती, म्हणजे लक्षद्वीपचं धावपट्टी असलेलं बेट, साडेचारशेच्या पुढे, आणि मध्ये नुसतं पाणी.

आता फळ्याकडे बघा. सेस्ना 172, चार सीटचं विमान. वापरता येणारं इंधन साधारण 200 लिटर, तासाला खर्च 35 धरू. ताशी 200 किलोमीटरनं सव्वादोन तास, म्हणजे 80 लिटर. मग काय, निम्मी टाकी पुरे?

नाही ना! अगत्तीवर पोचलात आणि पावसानं धावपट्टीच दिसेना, तर? तसंच मागे फिरून कोची, आणखी 80 लिटर. उरलं तासाभराचं. वारा उलटा लागला तर तेही नाही. म्हणून टाकी फुलच हवी.

तिचं वजन सुमारे 144 किलो. विमान जेवढं वजन उचलू शकतं त्यातून ते वजा केलं की माणसं आणि सामान मिळून हातात उरतात अडीचशेच्या आसपास. तिघं, आणि एखादी पिशवी. चौथ्यानं कोचीहून जहाज पकडावं. हे ग्रुपवर टाकलं तर दोन दिवस सगळे गप्प!

इंजिन बंद पडलं तर 8,000 फुटांवरून हे विमान तरंगत वीसेक किलोमीटर जाईल. म्हणजे बहुतेक वाटेवर खाली समुद्रच. लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगावर हवं. आणि ते फुगवायचं बाहेर पडल्यावरच. आत फुगवलंत आणि पाणी शिरलं, की तुम्ही छताला चिकटता, दार राहतं खाली.

मग जथ्यानं जायचं कशाला? रेडिओसाठी. विमानातला रेडिओ, म्हणजे व्हीएचएफ, सरळ रेषेत चालतो. 8,000 फुटांवर साधारण 200 किलोमीटर, त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते. अध्यामध्यात ना कोची ऐकू येत, ना अगत्ती. तिथं पुढचं विमान मागच्याला हवा सांगतं, मागचं पुढच्याचा निरोप किनाऱ्याला पोचवतं. वेगवान विमान आधी सोडायचं, म्हणजे वाटेत कोणी कोणाला गाठत नाही. फोटोसाठी पंखाला पंख लावून उडणं? ते हवाई दलावर सोडा.